आरपीजी (एखादे पात्र होऊन कथा खेळण्याच्या) गेममधले काळोखे प्रसंग : आपला अनुभव लिहावा

सुदामा नगर, इंदूर

माझ्या १६ वर्षांच्या मुलाने मागच्या महिन्यात 'द विचर ३' खेळण्याची परवानगी मागितली आणि 'विचार करून सांगते' असे म्हणत मी दोन आठवडे काढले. या गेमवर वयाची मर्यादा सांगणाऱ्या युरोपच्या 'पेगी' पद्धतीचा १८ हा आकडा आहे आणि अमेरिकेच्या 'ईएसआरबी'चा १७ वर्षांपुढचा 'मॅच्युअर' शिक्काही आहे. शिक्क्यासोबत रक्तपात, शिवराळ भाषा, नग्नता अशी यादी असते. परंतु कोणता प्रसंग मनात घर करून राहील आणि का, हे त्या यादीवरून कळत नाही, ते खेळलेल्या माणसालाच विचारावे लागते. म्हणून हा धागा काढते आहे.

आधी माझा अनुभव सांगते. मुलगा दोन वर्षांचा असताना तो झोपल्यावर, जेल रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या पीसीवर मी 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' खेळत असे. बायोवेअर या कॅनडातील कंपनीचा हा २००९ सालचा गेम. त्यात आपले पात्र कोणत्या घरातले असावे हे निवडता येते आणि मी शहरातल्या एल्फ या काल्पनिक जमातीच्या वस्तीतली मुलगी निवडली होती. गेम सुरू होतो तो तिच्या लग्नाच्या दिवशी. वडिलांची घाई, मैत्रिणींची थट्टामस्करी, नवरामुलगा कसा असेल याची कुजबुज, हे सारे आपल्या घरच्या लग्नासारखेच वाटल्यामुळे मी अगदी निवांत झाले होते. तेवढ्यात सरदाराचा मुलगा माणसे घेऊन येतो आणि नवरीसह काही मुलींना वाड्यावर उचलून नेतो. सोबतच्या मुलींपैकी एक तिथे मारली जाते, सोडवायला आलेला नवरामुलगाही मरतो, आणि शेवटच्या खोलीचे दार उघडते तेव्हा नात्यातली बहीण शियानी जमिनीवर पडलेली दिसते. अत्याचार दाखवलेला नाही. तिच्याकडे पाहून तो कळतो. त्याच खोलीत तो सरदारपुत्र सौदा मांडतो, की मोहरा घे आणि निघून जा. संवादाच्या इतर ओळींसारखीच तीही एक ओळ समोर होती, म्हणजे कोणी ती निवडूही शकला असता. माझा हात माऊसवरून आपोआप मागे आला होता.

मी तो सौदा धुडकावला. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते पुढचे. कित्येक तासांच्या खेळानंतर त्या वस्तीत परतल्यावर शियानी भेटते ती भर रस्त्यात, उपचाराच्या नावाखाली माणसे गायब करणाऱ्या परक्यांविरुद्ध लोकांना जागे करताना. तिच्यावर गुदरलेला प्रसंग वापरून झाला आणि तिला विसरून गेले, असे लेखकांनी केले नाही.

आपल्या आठवणीतला असा प्रसंग, आपण त्यात काय निवडले आणि ते नंतर कसे वाटले, हे सविस्तर लिहावे. कथांचे शेवट उघड होतील, हे धरूनच सर्वांनी वाचावे.

लोकमान्य नगर, इंदूर. बँकेत नोकरी, वय ४१

ताई, आपण ज्या गेमविषयी विचारले आहे त्याविषयीच लिहितो. हे मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितलेले नाही.

'द विचर ३' हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा गेम मे २०१५ मध्ये आला. मी तो २०१७ च्या पावसाळ्यात खेळलो. त्याच्या आदल्या वर्षी सातव्या महिन्यात आमचे बाळ गेले होते. मुलगी होती. इतक्या लहान जिवाचे दिवस करत नाहीत, असे वडीलधाऱ्यांनी सांगितले आणि आम्हीही काही केले नाही. ठरवून ठेवलेले नाव आम्ही दोघांनी पुन्हा कधी उच्चारले नाही.

गेममध्ये वेलेन नावाचा युद्धाने उजाड झालेला मुलूख आहे आणि तिथे एक जहागीरदार, ज्याला लोक 'ब्लडी बॅरन' म्हणतात. त्याची बायको आणि मुलगी घर सोडून गेल्या आहेत आणि त्या शोधून दे, असे तो आपल्याला सांगतो. हळूहळू कळते की तो दारूच्या नशेत बायकोला मारत असे, पोटातले मूल गेले, आणि ते त्याने कोणत्याही संस्काराविना शेतात पुरून टाकले. त्या अर्भकाचे आता पिशाच झाले आहे. दोन मार्ग असतात. एक म्हणजे त्या पिशाचाला मारणे. दुसरा म्हणजे बापाने त्याला स्वतःच्या हातात उचलून घरापर्यंत आणणे, उंबरठ्याखाली पुरणे आणि त्याला नाव देऊन आपली मुलगी म्हणून स्वीकारणे.

मी दुसरा मार्ग घेतला. तो अवाढव्य माणूस ते विद्रूप, वळवळणारे पोर छातीशी धरून रात्री चालतो आहे, मध्येच ते चवताळते, आपण त्याला मंत्राने शांत करतो, पुन्हा चालणे सुरू होते. वाट फारशी लांब नाही, परंतु मला ती संपता संपेना. घराशी आल्यावर तो तिला 'डिया' अशी हाक मारतो आणि तिचे नाव ठेवतो. त्यानंतर तिचे पिशाच राहत नाही. ती घराची रक्षणकर्ती होते.

मी हेडफोन काढून ठेवला आणि तसाच बसून राहिलो. बायको पाणी प्यायला उठली होती, तिने काय झाले म्हणून विचारले. मी तिला स्क्रीनवरचा उंबरठा दाखवला आणि गोष्ट सांगितली. आमच्या उंबरठ्यावर ती रोज सकाळी रांगोळी काढते. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिने आमच्या मुलीचे नाव घेतले. त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत बोलत होतो.

बॅरनला माफ करावे असे माझे म्हणणे नाही. पुढे दलदलीत, एका टेकडीवरच्या झाडात कोंडलेल्या आत्म्याचे काय करायचे हे आपल्याला ठरवावे लागते. त्याला मोकळे केले तर दलदलीतल्या डाकिणींच्या तावडीतली अनाथ मुले वाचतात, परंतु बॅरनची बायको ॲना मरते आणि बॅरन गळफास घेतो. त्याला मारले तर मुले जातात आणि वेड लागलेल्या ॲनाला घेऊन बॅरन उपचारांसाठी दूर डोंगरांकडे निघून जातो. निवड करताना ॲना आणि बॅरनचे काय होईल हे आपल्याला ठाऊक नसते. मी आत्म्याला मोकळे केले होते. मुलगा १६ वर्षांचा असेल तर हे प्रसंग त्याला समजतील असे मला वाटते. फक्त त्या रात्री त्याच्या जवळपास कोणीतरी असावे.

तिलक नगर, इंदूर. कौटुंबिक समुपदेशन

वरचा अनुभव वाचून मन भरून आले. आपण दोघे त्या रात्री बोललात, हे फार चांगले झाले. तरीही त्याच कथेविषयी माझे वेगळे मत मांडते, कारण माझ्या कामात मला रोज ॲना भेटतात.

बॅरनला आपली बाजू मांडायला भरपूर वेळ मिळतो. तो रडतो, आरडाओरडा करतो, आठवणी काढतो, लढाईने आपले काय केले हे सांगतो. ॲना आपल्याला भेटते तेव्हा तिचे भान हरपलेले असते. त्या माणसाचे मूल तिला नको होते आणि त्यासाठी तिने दलदलीतल्या डाकिणींशी वर्षभराच्या चाकरीचा करार केला होता, ही या कथेतली सर्वांत भयंकर गोष्ट आपल्याला उशिरा आणि तुटक तुटक कळते. अशा नवऱ्यापासून सुटण्यासाठी बाई कुठवर जाते, हे तिच्या तोंडून सलग ऐकायला मिळाले असते, तर माझ्या मते ही कथा आणखी मोठी झाली असती.

त्याच मालिकेच्या २००७ सालच्या पहिल्या गेममध्ये नायकाने एखाद्या स्त्रीशी संबंध ठेवला की तिचे चित्र असलेले कार्ड खेळाडूला मिळत असे. पुढच्या भागांत ते काढून टाकले गेले. गेमवर प्रौढांसाठी असा शिक्का असला, तरी बायकांची कार्डे गोळा करण्यात प्रौढपणा तो कोणता, हे मला तेव्हाही कळले नाही आणि आजही कळत नाही.

ताईंनी उल्लेखलेल्या 'ओरिजिन्स'मध्येच जमिनीखालच्या बोगद्यांत 'ब्रूडमदर' आहे. पळवून नेलेल्या बाईला बाटवून तिचे राक्षसांना जन्म देणाऱ्या मांसाच्या ढिगात रूपांतर होते. ती दिसण्याच्या आधी अंधारातून एका बाईचा आवाज येत राहतो, पहिल्या दिवशी काय झाले, दुसऱ्या दिवशी काय झाले, असे गाण्यासारखे मोजत. त्या आवाजाने माझा घसा कोरडा पडला होता. मग ती समोर आली आणि तलवारीने तोडायचे एक धूड एवढेच तिचे काम उरले. ऐकवणे ज्यांना इतके साधले होते, त्यांनी दाखवताना हात आखडता घ्यायला हवा होता.

रामबाग, इंदूर. वय ४७

माझा प्रसंग जुना आहे. 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' हा १९९९ सालचा गेम, त्यात मारामारी थोडी आणि वाचायचे पुष्कळ. मी तो कॉलेजात असताना मित्राकडे रात्र रात्र बसून वाचला, असेच म्हणावे लागेल. नायक शवागारातल्या दगडी ओट्यावर जागा होतो. अंगभर वळ आणि खुणा, स्वतःचे नाव ठाऊक नाही, आणि मरण येत नाही. त्याच्या पाठीवर गोंदलेला मजकूर एक तरंगती कवटी त्याला वाचून दाखवते.

माझी आजी बुऱ्हाणपूरची. असीरगडावरच्या महादेवाला पहाटे कोणीतरी फूल वाहून जाते आणि तो अश्वत्थामा असतो, नर्मदेच्या काठी तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, हे मी तिच्याकडून लहानपणी ऐकले होते. त्यामुळे मरण न येणे हा वर नसून शाप आहे, हे मला त्या गेमने शिकवावे लागले नाही. मला हादरवले ते दुसऱ्याच गोष्टीने.

डियोनारा नावाच्या एका तरुणीचा प्रेतात्मा नायकाला भेटतो आणि आपले त्याच्यावर प्रेम होते असे सांगतो. त्याला काहीच आठवत नाही. पुढे एका इमारतीत दुसऱ्याचे अनुभव साठवून ठेवणारे दगड असतात. त्यांपैकी एका दगडातून तिची ओढ आपल्याला आतून अनुभवता येते, आणि त्याच क्षणाची दुसरी बाजूही, म्हणजे आपलेच जुने रूप तिच्याकडे किती थंडपणे पाहत होते तेही. तिचा उपयोग करून घ्यायचा म्हणून त्याने तिला जीव लावायला लावले होते आणि ती त्यातच मेली. तिचे प्रेम आणि आपला हिशेब, दोन्ही एकाच वेळी आपल्या मनात चालू असतात. त्या वयात मी एका मुलीशी फार वाईट वागलो होतो. लिहिण्यासारखे तेवढेच. माफीचे पत्र लिहायला मला त्यानंतर आठ महिने लागले आणि त्याचे उत्तर आले नाही, ते योग्यच होते.

नायक प्रत्येक वेळी मरून उठतो तेव्हा त्याच्याऐवजी जगात कुठेतरी दुसरे कोणी मरत असते, हे शेवटाकडे कळते. अश्वत्थाम्याच्या गोष्टीत मी आजीला कधी विचारले नव्हते, की ज्या झोपलेल्या मुलांना त्याने मारले, त्यांचे कोण तेल मागत फिरते.

स्नेहलतागंज, इंदूर. शिक्षिका

नववीतल्या मुलांच्या गप्पांमधून मला 'स्कायरिम'मधला एक प्रसंग कळला. २०११ च्या या गेममध्ये अनाथालयातून पळालेला एक लहान मुलगा मेणबत्त्यांच्या वर्तुळात, हाडामांसाच्या बाहुलीसमोर मंत्र म्हणत बसतो, कारण तिथल्या क्रूर संचालिकेला कोणीतरी ठार मारावे अशी त्याची इच्छा असते. खेळाडूने तिला मारले की अनाथालयातली मुले आनंदाने ओरडतात. माझे विद्यार्थी ते हसत सांगत होते. मी त्यांना रागावले नाही. तिच्या मागे त्या मुलांचे काय होते, एवढेच विचारले. २०१२ मध्ये आलेल्या 'हार्थफायर' या जोडभागात तिथली मुले दत्तक घेता येतात, परंतु ती बाई जिवंत असेपर्यंत घेता येत नाहीत, असे एकाने सांगितले, आणि सांगता सांगता तोच गप्प झाला. "म्हणजे मॅडम, घर द्यायला आधी खूनच करावा लागतो," असे तो थोड्या वेळाने म्हणाला.

विजय नगर, इंदूर. वय २४

'बाल्डर्स गेट ३' या गेममध्ये ॲस्टेरियन नावाचे पात्र आहे, रक्त पिणारा व्हॅम्पायर. तो २०० वर्षे एका मालकाचा गुलाम होता आणि सावज आणण्यासाठी त्याला स्वतःच्या देहाचा वापर करावा लागे. प्रवासात एक बाई आपल्याला सांगते की याने मला चावावे, मी तुम्हाला ताकद कायमची वाढवणारे औषध देईन. त्याला ते नको असते आणि तो तसे स्पष्ट सांगतो. मला त्या औषधाचा आकडा दिसत होता, म्हणून मी त्याला आग्रह केला आणि तो तयार झाला. त्यानंतर तो माझ्याशी जे बोलला ते मी खाली मान घालून ऐकले. नकार दिलेल्या माणसाला पुन्हा विचारणे म्हणजे काय, ते मला तिथे कळले. हॉस्टेलमध्ये असताना न पिणाऱ्या एका मित्राला आम्ही चौघांनी असाच आग्रह केला होता. सेव्ह मागे नेऊन, म्हणजे आधी साठवलेल्या जागेपासून पुन्हा खेळून, मला ते औषध नाकारता आले असते. मी नेले नाही.

सुदामा नगर, इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. लोकमान्य नगरच्या दादांचा अनुभव मी नवऱ्याला वाचून दाखवला आणि आम्ही मुलाला होकार दिला. गेम दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, रविवारी दुपारी आणि माझ्यासमोर खेळायचा, अशी अट घातली. काही प्रसंग मी वगळायला सांगितले आणि त्याने कुरकुर न करता ते वगळले.

काल बॅरनची मुलगी तमारा सापडली. ती बापाकडे परत जायला नकार देते आणि घरात काय चालत असे ते सांगते. मुलाने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "बाबांनी सांगितलं, आता मुलीने सांगितलं. आईचं म्हणणं कुठे ऐकायला मिळेल?" तिलक नगरच्या ताईंनी वर काय लिहिले आहे ते मी त्याला अजून सांगितलेले नाही.