मदत हवी आहे: बॉन ओम कॉलनीची वंशावळ १८८० ते १९०० मध्ये कशी जोडायची?

अमेरिकेतल्या साउथ डकोटातल्या हटराइट (सामाईक मालमत्तेवर एकत्र राहणारा जर्मनभाषक ख्रिस्ती पंथ) कॉलन्यांचा फाटाफाटाने झालेला विस्तार मांडतोय. सुरुवात सोपी आहे. रशियात सक्तीची लष्करभरती आली, १८७४ मध्ये ही मंडळी युक्रेनमधून निघाली आणि मिसुरी नदीकाठी बॉन ओम वसली. प्रमुख मिखाएल वाल्डनर पेशाने लोहार, म्हणून हा गट 'श्मीडेलॉइट', म्हणजे लोहाराची माणसं.

घोडं पुढे अडतं. वस्ती साधारण सव्वाशे-दीडशेवर गेली की कॉलनी दुभंगते. कोण गेलं, कोण राहिलं हे कळायला दोन जनगणना शेजारी ठेवाव्या लागतात. १८८० ची मिळते, पण १८९० ची बहुतेक पानं १९२१ च्या आगीत आणि नंतर गेली. आडनावं मोजकीच, वाल्डनर, होफर, विप्फ, स्टाल. त्यात योसेफ आणि मिखाएल घरोघरी. नुसत्या नावावर जुळवलं की काका-पुतण्या एक होतात! म्हणून नवरा-बायको दोघांची नावं आणि थोरल्या मुलाचं वय अशी तिहेरी खूण धरतोय. जन्मवर्षात एक-दोन वर्षांची सूट ठेवावीच लागते.

दोन प्रश्न:
१८८५ ची डकोटा प्रांताची आणि १९०५ ची राज्याची गणना यांत कॉलनीतली कुटुंबं वेगळी ओळखू येतात का, की सगळी एकाच यादीत?
जर्मन नोंदी कुरेंट लिपीत, म्हणजे जुन्या जर्मन हस्ताक्षरात आहेत. त्यात 'e' आणि 'n' ही अक्षरं जवळजवळ सारखेच दिसतात. सरावासाठी कुठून सुरुवात करावी?

१९१८ नंतरचं मॅनिटोबातलं स्थलांतर सध्या नको.