फ्रिंज महोत्सवातील विनोदी एकपात्री प्रयोगांचे परीक्षण कसे लिहावे?

प्रश्न

नमस्कार. ऑगस्टमध्ये एडिंबरा येथे भरणाऱ्या फ्रिंज महोत्सवातील विनोदी एकपात्री प्रयोगांची परीक्षणे लिहिण्याचे काम एका लहानशा कलाविषयक नियतकालिकाने माझ्याकडे सोपवले आहे. नाटकांची परीक्षणे मी काही वर्षे लिहीत आले आहे. परंतु तेथे लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार, सहकलाकार अशा अनेकांच्या कामाबद्दल स्वतंत्रपणे बोलता येते. येथे बहुतेक वेळा लिहिणारा, बसवणारा आणि सादर करणारा एकच माणूस असतो, मंचावर एक खुर्ची आणि एक माइक यांखेरीज काही नसते आणि तासाभरात सारे आटोपते.

शब्दमर्यादा ३०० आहे आणि शेवटी पाचपैकी किती स्टार हे द्यावेच लागते. विनोद सांगितल्याशिवाय प्रयोग कसा आहे हे वाचकाला कळत नाही आणि सांगितला तर त्याची गंमत जाते, यातून मार्ग कसा काढावा? प्रेक्षागृहात दहाबारा माणसेच असतील आणि हशा पिकला नाही, तर तो दोष कलाकाराचा मानावा की रिकाम्या खुर्च्यांचा? शिवाय आजकाल अनेक प्रयोग निम्म्याहून पुढे गेल्यावर कलाकाराच्या आयुष्यातील एखाद्या दुःखाकडे वळतात. एखाद्याच्या खऱ्या दुःखाविषयी ‘हा भाग जमला नाही’ असे लिहिणे मला अवघड वाटते. ज्यांनी असे लेखन केले आहे किंवा असे प्रयोग केले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (अनेक वर्षे महोत्सवाची परीक्षणे लिहिणारा)

आपण ज्या महोत्सवाला जात आहात त्याची घडण लक्षात घेतली, तर आपले काम नेमके काय आहे हे अधिक स्पष्ट होईल. १९४७ साली एडिंबरा येथे पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा आठ नाट्यसंस्था आमंत्रण नसताना तेथे पोहोचल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी आपले प्रयोग केले. त्यातूनच हा फ्रिंज, म्हणजे मुख्य महोत्सवाच्या कडेचा, महोत्सव उभा राहिला. १९५८ मध्ये त्याचे काम पाहणारी फ्रिंज सोसायटी स्थापन झाली, तेव्हाही प्रयोगांची निवड किंवा चाळणी करायची नाही हे तत्त्व कायम ठेवण्यात आले, आणि ते आजही पाळले जाते. ज्याला जागा मिळते आणि नोंदणी शुल्क भरता येते, तो प्रयोग करू शकतो. २०१९ मध्ये तेथे ३,८०० हून अधिक प्रयोग झाले. निवड समितीच नसल्यामुळे एखाद्या अनोळखी कलाकाराच्या प्रयोगाबद्दल त्रयस्थपणे लिहिणारी पहिली व्यक्ती पुष्कळदा परीक्षकच असते. दुपारी आपले परीक्षण वाचून संध्याकाळी कुठे जायचे हे ठरवणारा वाचक डोळ्यांसमोर ठेवा. प्रयोगात काय घडते आणि तो कोणत्या जातीचा आहे, हे त्याला आधी कळले पाहिजे.

ही जात ओळखण्यातच बरेच परीक्षक गडबडतात. विनोदी एकपात्री म्हटले की स्टँडअप एवढेच डोळ्यांपुढे येते, पण त्याच कार्यक्रम-पत्रिकेत एखादे काल्पनिक पात्र तासभर जगणारे कलाकार असतात, शब्दांशिवाय केवळ शरीराने आणि प्रेक्षकांच्या नजरेवर खेळणारे विदूषक असतात, पेटी किंवा गिटार घेऊन बसणारे असतात आणि शांतपणे एकच गोष्ट सांगणारे कथाकथनकारही असतात. प्रयोग कोणत्या विभागात नोंदवायचा हे कलाकार स्वतः ठरवतो, त्यामुळे त्या विभागाच्या नावावर विसंबू नये. फीबी वॉलर-ब्रिज यांचे एकपात्री ‘फ्लीबॅग’ २०१३ मध्ये तेथे सादर झाले ते नाटक म्हणून. बाई एका स्टुलावर बसून बोलत होती आणि लोक हसत होते. स्टँडअपचे निकष लावून ते मोजले असते तर हाती काहीच लागले नसते. विदूषकाच्या प्रयोगात ‘संहिता विस्कळीत आहे’ असे लिहिणे हेही तसेच. तेथे पाहायचे असते ते असे की, एखादी युक्ती फसल्यावर त्या फसण्याचेच तो काय करतो.

विनोद न फोडता प्रयोग कसा सांगावा, याचे उत्तर माझ्या मते असे आहे की शेवटची ओळ सांगायची नाही, तिच्यामागची रचना सांगायची. एक कल्पित उदाहरण घेतो. समजा, एका प्रयोगात कलाकार जनगणनेचा कारकून झाला आहे. हातात फॉर्म घेऊन तो प्रेक्षकांना एकेक प्रश्न विचारतो आणि कोणतेही उत्तर मिळाले तरी ते चुकीच्याच रकान्यात भरतो. ‘घरात आणखी कोण राहतं?’ हा प्रश्न तो वारंवार विचारतो, आणि अखेरीस तोच प्रश्न स्वतःला विचारून फॉर्म कोरा ठेवतो. परीक्षणात कारकून, फॉर्म आणि चुकीचे रकाने हे सारे खुशाल सांगावे, कारण ते पहिल्या पाच मिनिटांतच कळते. ‘सुरुवातीला निरुपद्रवी वाटणारा एक प्रश्न हळूहळू जड होत जातो’ एवढे लिहिले की वाचकाला प्रयोगाची चाल समजते. कोरा फॉर्म मात्र आपल्यापाशी ठेवायचा. तो कलाकाराचा आहे. याउलट ‘धमाल प्रयोग, हसून हसून पुरेवाट’ हे वाक्य त्या महोत्सवातील कोणत्याही प्रयोगाला चिकटवता येते, म्हणून ते कुणाच्याच उपयोगाचे नाही.

हशाबद्दल. तो पुरावा आहे, निकाल नव्हे. किती हशा आला यापेक्षा तो कुठून आला याची नोंद घ्या. कलाकाराने आधी पेरलेली गोष्ट पुन्हा उगवली म्हणून आला, की पुढच्या रांगेतल्या एखाद्याला छेडले म्हणून आला? भरलेल्या खोलीत शनिवारी रात्री सामान्य विनोदही उचलला जातो आणि दुपारी बारा वाजता बारा माणसांपुढे अस्सल विनोदही हवेत विरतो. म्हणून अशा वेळी वाक्याची बांधणी, विराम आणि शब्दांची निवड यांकडे लक्ष द्यावे; चांगले लिहिलेले वाक्य शांततेतही ओळखू येते. कमी प्रेक्षक होते हे परीक्षणात लिहिण्याची मात्र मला गरज वाटत नाही.

दुःखाकडे वळणाऱ्या प्रयोगांविषयी आपली अडचण रास्त आहे. तासाच्या दोनतृतीयांशावर येणारे गंभीर वळण हा आता तेथील एक संकेतच झाला आहे आणि प्रत्येक संकेताप्रमाणे त्याचाही गैरवापर होतो. आपण दुःखाचे मोजमाप करत नाही, त्याच्या मांडणीचे करतो. ते वळण आधीच्या चाळीस मिनिटांतून आले आहे का, आधीच्या विनोदांना त्यामुळे नवा अर्थ मिळतो का, की केवळ सभागृह गप्प करण्यासाठी ते आणले आहे, एवढेच तपासावे. ऑस्ट्रेलियन विनोदी कलाकार हॅना गॅड्सबी यांच्या ‘नॅनेट’ या प्रयोगाला २०१७ मध्ये तेथील विनोदाचा मुख्य पुरस्कार विभागून मिळाला. त्या प्रयोगात विनोद ताण कसा निर्माण करतो आणि कसा सोडवतो हे त्या आधी समजावून सांगतात आणि मग तो ताण सोडवायला नकार देतात. तेथे गांभीर्य हाच रचनेचा कणा आहे. जेथे तसे नसेल तेथे ‘हा प्रसंग प्रयोगात सामावला गेलेला नाही’ असे आदराने, पण स्पष्ट लिहावे.

प्रतिसाद २ (एकपात्री प्रयोग करणारी)

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. मंचाच्या बाजूने काही गोष्टी सांगते, कारण त्या प्रेक्षकांच्या खुर्चीतून दिसत नाहीत.

तेथील बहुतेक जागा मुळात नाट्यगृहे नसतात. दगडी तळघरे, व्याख्यानाच्या खोल्या, मद्यालयांच्या मागच्या खोल्या अशा ठिकाणी तात्पुरता मंच उभारला जातो आणि एका दिवसात त्याच मंचावर एकापाठोपाठ एक अनेक प्रयोग होतात. आधीचा कलाकार सामान उचलून बाहेर पडतो आणि पुढच्या काही मिनिटांत आपल्याला उभे राहायचे असते. म्हणून नेपथ्य नसते आणि प्रकाशयोजनेत दोनचार बदलांपलीकडे काही करता येत नाही. शेजारच्या खोलीतले संगीत भिंतीतून ऐकू येते. परीक्षकाने या गोष्टींची सबब म्हणून दखल घ्यावी असे मी म्हणणार नाही. पण भिंतीपलीकडचा ढोल नेमका माझ्या विरामात वाजला आणि मी त्याला पात्राच्या तोंडून उत्तर देऊन पुढे गेले, तर ते माझ्या कामाचा भाग आहे आणि ते कुणीतरी टिपावे असे मला मनापासून वाटते. जिवंत प्रयोगाचे परीक्षण म्हणजे त्या दिवशी त्या खोलीत जे घडले त्याचे परीक्षण.

पहिले काही दिवस कमी दराचे पूर्वप्रयोग असतात. त्या दिवसांत संहिता रोज बदलत असते, म्हणून शक्य असेल तर त्यानंतर यावे; आलात तर तसा उल्लेख करावा. ज्या प्रयोगाच्या जाहिरातीतच ‘काम चालू आहे’ असे सांगितलेले असते, त्याला स्टार देऊ नयेत.

स्टारविषयी एक विनंती आहे. चार किंवा पाच स्टार मिळाले की आम्ही त्याच रात्री ते कागदावर छापून पोस्टरांवर आणि पत्रकांवर स्टेपल करतो, आणि दुसऱ्या दिवशी रॉयल माइल या तेथील मुख्य रस्त्यावर उभे राहून ती पत्रके वाटतो. अनोळखी कलाकारासाठी लहान नियतकालिकाचे परीक्षणसुद्धा खोली भरण्याइतके मोलाचे असते. म्हणूनच स्टारांची खिरापत वाटू नका. सगळ्यांना चार स्टार मिळाले की ज्याला ते खरोखर लागू आहेत त्याचे पत्रक कुणी वाचत नाही. प्रतिकूल परीक्षणाने मला दुःख होते, तरीही त्यात कारण दिलेले असेल तर दुसऱ्या दिवशी मी ते संहितेशेजारी ठेवून वाचते. कलाकाराचे शरीर, उच्चार किंवा वय यांवर मात्र शेरे मारू नका, आणि प्रयोगात ओढल्या गेलेल्या प्रेक्षकाची ओळख पटेल असे काही लिहू नका. तो बिचारा तिकीट काढून आलेला असतो.

प्रतिसाद ३ (नियमित प्रेक्षक)

पहिल्या प्रतिसादातील एका मुद्द्याशी माझा मतभेद आहे. प्रेक्षक किती होते हे वाचकाला सांगितले पाहिजे. ‘पंधरा जणांपुढे’ हे दोन शब्द वाचले की बाकीचे परीक्षण कसे घ्यायचे हे मला समजते. त्याचप्रमाणे परीक्षक स्वतः हसला की नाही आणि सभागृह हसले की नाही, या दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या सांगाव्यात. सभोवती सगळे पोट धरून हसत असताना आपण कोरडे राहिलो असू, तर ते तसेच लिहावे आणि कारण शोधावे. ते लपवून ‘प्रेक्षकांची दाद मिळाली’ असे आडून लिहिणारी परीक्षणे मला अप्रामाणिक वाटतात.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रेक्षकसंख्येचा मुद्दा मला पटला. एका वाक्यांशात ती सांगता येईल. आणखी दोन व्यावहारिक शंका आहेत. दिवसाला किती प्रयोग पाहावेत, आणि टिपणे काढताना कलाकाराचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून काय करावे?

प्रतिसाद १

दिवसाला तीन, फार तर चार. त्यापुढे कान बधिर होतात आणि पाचव्या कलाकारावर अन्याय होतो. दोन प्रयोगांमध्ये चालत जायला लागणारा वेळ धरून आखणी करावी, कारण त्या शहरात चढउतार पुष्कळ आहेत आणि अनेक ठिकाणी उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत. शक्य असल्यास लागोपाठ एकाच जातीचे प्रयोग ठेवू नयेत. स्टँडअपनंतर लगेच दुसरे स्टँडअप पाहिले की तुलना आपोआप होते, आणि ती दोघांनाही मानवत नाही.

टिपणांसाठी मोबाइल वापरू नका; त्याचा उजेड लहान खोलीत थेट कलाकाराच्या डोळ्यांत जातो. लहान वही आणि पेन्सिल पुरते. पहिल्या रांगेत बसू नये, कारण तेथे बसलेल्याला प्रयोगात ओढले जाते, आणि वही दिसली तर हमखास. तिसऱ्याचौथ्या रांगेत कडेला बसावे. विनोद उतरवून घेण्याच्या भानगडीत पडू नये. हशा कुठे आला, शांतता कुठे पडली आणि कोणती गोष्ट पुन्हा आली, एवढ्या खुणा केल्या की रात्री सारे आठवते. परीक्षण त्याच रात्री लिहावे. स्टार किती द्यायचे ते सर्वांत शेवटी, मजकूर एकदा पूर्ण वाचून ठरवावे. आधी आकडा मनात धरला की वाक्ये त्या आकड्याची वकिली करू लागतात. आणि तीन स्टार द्यायला कचरू नये. नीट लिहिलेल्या तीन स्टारच्या परीक्षणातून योग्य प्रेक्षक योग्य प्रयोगापर्यंत पोहोचतो, कारण ‘कथा सैल आहे, पण पात्र विलक्षण जिवंत आहे’ हे वाचून पात्रासाठी जाणारे रसिक त्या महोत्सवात भरपूर असतात.