कोलंबस, इंडियाना: लेकीला दहावी करून न्यावं की आत्ताच हायस्कूलला घालावं?

बावधनची_बाई
नमस्कार मंडळी. नवऱ्याला बालेवाडीच्या ऑफिसातून कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्यालयात, म्हणजे कोलंबस, इंडियानाला पाठवतायत. एल-१ व्हिसा (कंपनीतल्या बदलीवर मिळतो तो), जूनमध्ये निघायचं. लेक नुकतीच नववी पास झाली (स्टेट बोर्ड, इंग्रजी माध्यम). सासूबाई म्हणतात, दहावीचं वर्ष आहे, पोरीला आमच्याजवळ ठेवा, बोर्ड झालं की न्या. क्लासची फी भरून झालीय हा वेगळा ताप. तिथल्या पब्लिक हायस्कूलचा कुणाला अनुभव आहे का? आपली मुलं असतात का तिथे?

मक्याच्या_शेतातून
आत्ताच आणा. माझी दोन्ही मुलं इथल्याच पब्लिक हायस्कूलमधून बाहेर पडली, म्हणून ठासून सांगते.

दहावीचं भूत आधी उतरवा. इथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, आणि कॉलेजवाले बघतात ते चारही वर्षांचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि मार्कांची नोंद. बोर्ड करून आणलीत तर ती थेट अकरावीत येऊन पडेल, आणि इथलं दमवणारं वर्ष तेच. एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, विषय असतात, वर एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा. इंडियानात अकरावीच्या मुलांना ती शाळेतच द्यावी लागते. त्यात नवा देश, नवी शाळा. पोरीचे हाल कशाला?

गाव पन्नास हजार वस्तीचं, पण कमिन्समुळे पुण्याची माणसं पुष्कळ. मोठी हायस्कुलं दोन, नॉर्थ आणि ईस्ट. प्रोजेक्टवर शिकवणारं न्यू टेक वेगळं, ते लहान आहे. ईस्ट १९७२ सालचं, इमारत मिचेल-जर्गोला या नावाजलेल्या आर्किटेक्ट मंडळींची. गावातल्या कितीतरी सार्वजनिक इमारतींच्या आर्किटेक्टची फी कमिन्सच्या फाउंडेशनने दिली आहे, म्हणून इतक्याशा गावात लोक इमारती बघायला येतात. (आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना मॉलच हवा असतो, ते सोडा.) शाळा सहसा घराच्या पत्त्यावरून ठरते, तेव्हा घराचा करार करण्याआधी तो पत्ता कुठल्या शाळेत मोडतो ते विचारून घ्या.

आता कामाचं. एक, लसी पुण्यातच उरका. हेपेटायटिस ए आणि कांजिण्या, दोन्हीचे दोन-दोन डोस, शिवाय मेनिंगोकोकल (मेंदूज्वराची) आणि टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकल्याची). आपल्याकडच्या मुलांचं यातलं काहीतरी हमखास राहिलेलं असतं, आणि नोंद नसेल तर शाळा अडवते. दोन, शाळेकडून आठवी-नववीच्या मार्कशीटच्या सही-शिक्क्याच्या प्रती घ्या. नववीच्या गणिताच्या पुस्तकाची अनुक्रमणिकाही ठेवा. हसू नका! इथे गणित एकामागून एक चढतं: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. विषय ठरवून देणारे शाळेचे काउन्सेलर वयाकडे बघून जॉमेट्रीत घालू शकतात. अनुक्रमणिका समोर ठेवा आणि वरच्या वर्गासाठी परीक्षा घ्या म्हणा. दहावीतच अल्जिब्रा टू मिळालं तर बारावीत कॅल्क्युलस सरळ हाती येतं.

प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता हे विचारतात. मराठीच लिहा. त्यामुळे इंग्रजीची एक छोटी परीक्षा देते ती, इंग्रजी माध्यमाच्या मुलीला जड नाही.

फी नाही. पाठ्यपुस्तकांचे पैसे पूर्वी इंडियानात पालक भरायचे, २०२३च्या कायद्याने तेही गेले.

परतीचं_तिकीट
ताईंचं पटलं, पण एक विचारतो: किती वर्षांसाठी येताय? एल-१ला मुदत असते. दोन वर्षांत परत फिरायचं असेल तर मूल ना इकडचं ना तिकडचं होऊन बसतं. अमेरिकेची बारावी पूर्ण केली तर एआययूकडून (भारतीय विद्यापीठांची संघटना) समकक्षता मिळते, अर्धवट सोडली की धावपळ. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायची म्हटलं, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, आणि तेव्हा इथली शाळा ऐन भरात. अजून एक, मूल एकवीसचं झालं की तुमच्या व्हिसावर राहू शकत नाही. तो हिशोब आजच करा.

ईस्टची_ऑलिंपियन
काकू, मी स्वतः दहावीत आले होते इथे. मार्कांचं टेन्शन नाही आलं, लंचला कुणाबरोबर बसायचं याचं आलं. मार्चिंग बँडने वाचवलं मला. मला वाजवता येत नव्हतं, म्हणून झांजा दिल्या. तुमची लेक काही वाजवत असेल तर आल्या आल्या बँडवाल्यांना मेल करा, सराव जुलैतच सुरू होतो, शाळा ऑगस्टच्या सुरुवातीला. म्हणजे पहिल्या दिवशी ओळखीचे चेहरे असतात. आणि हो, वर्गातली मुलं सोळाची झाली की गाडी चालवतात, दुकानात नोकरी करतात. एल-२वर (एल-१वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) तिला पगाराचं काम करता येणार नाही, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरी भांडणं. मी लायब्ररीत व्हॉलंटियर केलं, आर्किटेक्ट आय. एम. पेईने बांधलेली आहे ती, समोर शिल्पकार हेन्री मूरची प्रचंड कमान.

बावधनची_बाई
मुदत पाच वर्षांची म्हणतायत, म्हणजे बारावी तिथेच होईल. लेक हार्मोनियम वाजवते, बँडात चालेल का? 😄 सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, झांजा आपल्याकडेही आहेत. पण डब्याचं काय, असा त्यांचा सवाल आहे.

मक्याच्या_शेतातून
हार्मोनियम येते ना, मग सुरांची जाण आहे. बँडमध्ये मॅलेटने, म्हणजे गोळा लावलेल्या काठीने, वाजवायचे झायलोफोनसारखे प्रकार असतात, तिकडे घुसवा.

डबा थर्मासमध्ये द्या, वरणभात गरम राहतो. लसूण कमी. मायक्रोवेव्हच्या भरवशावर राहू नका. बसची वेळ मात्र भल्या पहाटेची असते, तेव्हा तो थर्मास कोण भरणार, हे नवऱ्याशी विमानात बसण्याआधी ठरवा.