मदत हवी आहे: कार्यकारिणीत जाण्याआधी काय काय तपासून घ्यावे?

नमस्कार मंडळी,

नागपुरातल्या एका छोट्या संस्थेने मला कार्यकारिणीत कोषाध्यक्ष म्हणून यायला सांगितले आहे. मानधन नाही, त्याची अपेक्षाही नाही. संस्था मतदार यादी, माहिती अधिकार आणि क्षेत्रसभा (प्रभागातल्या एका भागातील मतदारांची सभा) या विषयांवर काम करते. यादी पडताळणीला मी त्यांच्यासोबत जातेच. मानेवाड्याला एकाच घरात सासूचे केंद्र वेगळे, सुनेचे वेगळे आणि वारलेल्या आजोबांचे नाव यादीत कायम! तिथे बसून नमुना ७ (नाव वगळण्याचा अर्ज) आणि ८ (दुरुस्तीचा अर्ज) भरून घेतले की वाटते, हे काम व्हायलाच हवे.

आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असे राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते. मधली जवळजवळ चार वर्षे गडरलाइन तुंबली तर जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून कायद्यात आहे. आमच्या भागात ती भरलेली मी तरी पाहिली नाही. म्हणून मला हे पद घ्यायचे आहे, पण डोळे उघडे ठेवून.

पहिली अडचण कागदांची. धर्मादाय कार्यालयातल्या अनुसूची १ ची (संस्थेची नोंद, ज्यात विश्वस्तांची नावे असतात) नक्कल मागितली, तर उत्तर आले, "मिळेल ना ताई, आधी संमतीपत्रावर सही तं करा." केव्हाच सोडून गेलेल्यांची नावे अजून तशीच आहेत म्हणे. बदल झाल्यावर ९० दिवसांत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो, एवढे मला माहीत आहे. तो मंजूर होईपर्यंत बँकेत सही कोणाची चालते? आधीच्या वर्षांचे ऑडिट राहिले असेल, तर ते माझ्या गळ्यात येते का? सही करण्याआधी नक्कल हातात हवीच, असा माझा हट्ट आहे. तो बरोबर आहे ना?

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. कार्यकारिणीतले एक सदस्य नुकतेच एका पक्षाचे प्रभाग पदाधिकारी झाले आणि इथेही कायम आहेत. माणूस कामाचा आहे, त्याबद्दल शंका नाही. पण दारात उभे राहिलो की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "तुम्ही कोणत्या पक्षाचे?" "कोणत्याच नाही" हे उत्तर खरे असेल तरच लोक मतदार ओळखपत्र हातात देतात. पक्षाचे पद किंवा उमेदवारी घेतली की कार्यकारिणी सोडायची, असा नियम कुणाच्या संस्थेच्या नियमावलीत आहे का? असल्यास त्यातली भाषा कशी आहे? आणि तो आणायला साधा ठराव पुरतो, की नियमावलीत दुरुस्ती करून ती धर्मादाय कार्यालयात नोंदवावी लागते?

देणग्यांचेही विचारायचे आहे. रोख रक्कम अजिबात न घेण्याचा नियम छोट्या संस्थेला झेपतो का?

संस्थेत विश्वस्त किंवा कोषाध्यक्ष राहिलेल्यांनी, आणि जमल्यास एखाद्या वकील-सीए मंडळींनी, कृपया सांगावे. रविवारी सभा आहे, त्याआधी मला होकार किंवा अटी लेखी कळवायच्या आहेत.