मदत हवी आहे: ३०६० च्या जोडीला दुसरं ग्राफिक्स कार्ड लावू का?

राम राम मंडळी,

मी चोपड्याचा. घरूनच ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरवर बंगल्यांची थ्री-डी एलिव्हेशन (दर्शनी चित्रं) आणि वॉकथ्रू (घरातून फिरल्यासारखा व्हिडिओ) करून देतो. गिऱ्हाईक म्हणजे जळगाव, भुसावळ, शिरपूरकडचे बांधकामवाले. एखाद-दुसऱ्या चित्राचं काही वाटत नाही, पण वॉकथ्रू आलं की पीसी दोन-दोन रात्री चालतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर दोन कामं द्यायची आहेत आणि आत्ताच उशीर झालाय.

पीसी असा: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० (१२ जीबी), ५५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), ६०० व्हीएचा यूपीएस. मावसभावाकडे जीटीएक्स १६६० सुपर (६ जीबी) पडून आहे, तो म्हणतो घेऊन जा.

दुकानात विचारलं तर म्हणाले, दोन्ही जोडली की मेमरी १८ जीबी होईल, पण त्यासाठी एसएलआयचा (दोन कार्डं एकत्र चालवायची सोय असलेला) बोर्ड घ्या. बोर्डाचा खर्च आत्ता झेपणारा नाही. खरंच लागतो का?

दुसरी काळजी उन्हाची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. खोलीत कुलर आहे आणि त्याचा वारा सरळ पीसीवर येतो. दोन कार्डांची गरमी या खोलीत निभेल का? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी जरूर सांगा.

प्रतिसाद

भाऊ, बोर्ड बदलू नका. ३०६० ला एसएलआयची सोयच नाही आणि ब्लेंडरच्या सायकल्सला (चित्र रेंडर करणारा, म्हणजे अंतिम चित्र बनवणारा भाग) ती लागतही नाही. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टीमखाली कुडा (CUDA, एनव्हिडिया कार्डांवर काम चालवायचा पर्याय) निवडून दोन्ही कार्डांवर खूण केली की झालं. तुमच्या बोर्डाचा खालचा स्लॉट बहुतेक चार लेनचाच, म्हणजे डेटाची वाट अरुंद असलेला, असेल. गेमला ते खटकेल, रेंडरला फारसं नाही, कारण सीन एकदा कार्डात भरला की पुढचं काम कार्डातच चालतं.

१८ जीबीचं मात्र डोक्यातून काढा. मेमरीची बेरीज होत नाही, प्रत्येक कार्डात अख्खा सीन मावावा लागतो. झाडं, गवत, मोठी टेक्श्चर घातली की ६ जीबी लगेच भरतात. मग काम रॅमवर जाऊन रेंगाळतं, नाहीतर बंदच पडतं. असे सीन एकट्या ३०६० वर करा.

वॉकथ्रूसाठी मी वेगळं करतो. ब्लेंडर दोनदा उघडतो, एकात फक्त एक कार्ड, दुसऱ्यात फक्त दुसरं. आउटपुट पीएनजी फ्रेमचं, दोघांचं फोल्डर एकच. ओव्हरराइटची खूण काढायची, प्लेसहोल्डर्सची (फ्रेम सुरू होताच तिच्या नावाची रिकामी फाइल बनते) लावायची. एकाने धरलेली फ्रेम दुसरं सोडून देतं. मध्येच वीज गेली तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात, आपल्याकडे हे फार कामाचं. फक्त अर्धवट राहिलेल्या फ्रेमची रिकामी फाइल आधी पुसा, नाहीतर ती फ्रेम कोरीच राहील.

मॉनिटर १६६० ला जोडा, म्हणजे ३०६० ची मेमरी मोकळी राहते.

प्रतिसाद

मी बोदवडहून. विजेचा हिशेब आधी करा. ३०६० चे १७०, १६६० सुपरचे १२५, प्रोसेसरचे ६५, झाले ३६० वॅट. ६०० व्हीएचे यूपीएस साधारण ३६० वॅटचेच असतात, आणि यात बोर्ड, डिस्क, मॉनिटर धरलेलेच नाहीत. वीज गेली की त्याच क्षणी पीसी बसेल. एसएमपीएस चांगल्या प्रतीचा असेल तर ५५० मध्ये निघेल. दोन्ही कार्डांना वेगवेगळी केबल द्या, एकाच केबलच्या दोन शेंड्यांवर भागवू नका.

आणि पीसी कुलरच्या झोतातून आजच हलवा. ओल आणि आपली काळी बारीक धूळ मिळून हीटसिंकवर लेप बसतो. माझा असाच बुजला होता, टूथब्रशने खरवडावा लागला. कुलर चालू असताना समोरचं दार उघडं ठेवा, नाहीतर खोलीत नुसती दमट हवा कोंडते. दोन्ही कार्डांची पॉवर लिमिट (वीज ओढायची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा. वेग थोडाच कमी होतो, गरमी बरीच उतरते.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल १६६० बसवलं, बोर्ड तोच. पीसी आतल्या भिंतीला नेला, कॅबिनेटची बाजूची पत्री काढून ठेवली. दोन ब्लेंडरची युक्ती लगेच जमली. वरचं ३०६० मात्र ८१ अंशांवर जातंय, कारण दोन कार्डांमध्ये जेमतेम बोटभर जागा आहे. आज पॉवर लिमिट ८० करून रात्रभर लावतो, सकाळी आकडे इथेच टाकतो.