जपानची सायकल ट्रिप : शिमानामी काइदो एका दिवसात की दोन?

प्रेषक: प्राजक्ता

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरमध्ये आमचा मित्रमैत्रिणींचा कंपू जपानला निघालाय. तोक्यो-क्योतो होईलच, पण दोघांच्या डोक्यात शिमानामी काइदो हा बेटांवरून जाणारा सायकलमार्ग भरलाय. ओनोमिची ते इमाबारी, ७० किमी, सहा बेटं. एका दिवसात होतं का? आमच्यात काही शाकाहारी आहेत (अंडं चालतं). शिवाय सासरे बरोबर आहेत. उत्साह दांडगा, गुडघे कुरकुरणारे. कोणी गेलंय का?

प्रेषक: नितीन

होतं की! आम्ही सकाळी सातला निघालो आणि दिवेलागणीला इमाबारीत. वाटेत काय पाहिलं ते मात्र विचारू नकोस, मला फक्त पुढच्याचं मागचं चाक आठवतंय.

प्रेषक: अरुंधती

प्राजक्ता, नितीनचं अजिबात ऐकू नकोस. दोन दिवस ठेवा आणि रात्री इकुचिजिमा बेटावर सेतोदाला मुक्काम करा. नुसते किलोमीटर मोजायचे तर आपली इथली सॅन फ्रान्सिस्कोची बे ट्रेल काय वाईट आहे?

ओसाकाहून शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) फुकुयामाला उतरा आणि तिथून लोकल घ्या. शिन-ओनोमिची नावाचं शिंकान्सेनचं स्टेशन नकाशावर भुरळ घालतं, पण ते गावाच्या वर लांब आहे. लोकलचं ओनोमिची स्टेशन थेट धक्क्यासमोर. मोठ्या बॅगा कुरियरने पुढच्या हॉटेलला पाठवून द्या. साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात, त्यामुळे एका रात्रीचे कपडे पाठीवर ठेवा. सायकली धक्क्याजवळच भाड्याने मिळतात आणि साधी सायकल दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर सोडता येते. बॅटरीवाली हवी असेल तर ती कुठे परत करायची हे घेतानाच विचारा, सगळ्यांना तो नियम लागू नसतो.

पहिला पूल सायकलने ओलांडायचा नाही, पाचेक मिनिटांची फेरी घेऊन मुकाइशिमाला जायचं. पुढे रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलेली आहे, ती सोडली नाही की चुकायला होत नाही. आणि हो, तिकडे सगळं डावीकडून. पुण्यात सायकल शिकलेल्यांना लगेच जमतं, इथे अमेरिकेत जन्मलेल्या पोरांवर मात्र पहिला तासभर लक्ष ठेवा.

चढाला घाबरू नका. खालून मोठी जहाजं जातात म्हणून पूल उंच आहेत, पण वर न्यायला सायकलींचा वेगळा वळणावळणाचा रस्ता आहे, चढ जेमतेम ३ टक्के. इन्नोशिमाच्या पुलावर आपण गाड्यांच्या खालच्या मजल्यावरून जातो. डोक्यावर धडधड आणि बाजूला जाळीतून समुद्र! माझा लाडका पूल मात्र तातारा. १९९९ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याचा ८९० मीटरचा मुख्य गाळा केबलवर तोललेल्या पुलांमध्ये जगात सर्वांत लांब होता. मनोऱ्याच्या बुंध्याशी उभं राहून टाळी वाजवा. आवाज दोन खांबांच्या मधून आपटत आपटत वर चढत जातो. आमच्यातले पन्नाशी ओलांडलेले बाप्ये तिथे शाळकरी पोरांसारखे टाळ्या पिटत होते आणि मागे रांग लागली होती. वांद्रे-वरळी सी लिंकही केबलवरचाच पूल, पण तिथे सायकलला मज्जाव. असो.

ओमिशिमावर ओयामाझुमी देवस्थानासाठी दोन तास हातात ठेवा. योद्धे इथे शस्त्रं-चिलखतं वाहत, त्यामुळे संग्रहालयात योरितोमो आणि योशित्सुने या बाराव्या शतकातल्या लढवय्या भावांनी वाहिलेली चिलखतंही आहेत. आवारातलं कापराचं झाड तर चारचौघांच्या कवेत मावत नाही.

आता खाणं. शाकाहाऱ्यांची खरी गोची मांसापेक्षा दाशीची आहे. वाळवलेल्या बोनिटो माशाचं हे पाणी सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीत, सगळीकडे असतं. ‘मांस नको’ म्हटलं की ते मान डोलावतात आणि दाशीतली भाजी आणून ठेवतात. त्यांच्या लेखी त्यात काही नसतंच! म्हणून मांस, मासे, दाशी हे तिन्ही नको असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवा. ओनोमिची रामेन (रश्श्यातल्या नूडल्स) मांस खाणाऱ्यांनी जरूर खावं, सोया सॉसच्या रश्श्यावर डुकराच्या चरबीचे तुकडे तरंगतात. शाकाहाऱ्यांनी तिथे वाट वाकडी करू नये.

त्यांची मजा हिरोशिमाच्या ओकोनोमियाकीत. आम्ही तव्यासमोरच बसलो होतो. आजीबाईंनी धिरड्यासारखं पातळ पीठ पसरलं, त्यावर कोबीचा हा एवढा ढीग रचला, वर मोड आलेले दाणे, आणि दोन उलथन्यांनी सगळं एका झटक्यात उलटं केलं. कोबी दबत दबत बोटभर झाला. मग नूडल्स, मग अंडं. ‘निकु नुकी’ म्हणजे मांस वगळून, आणि ‘कात्सुओबुशी नाशी’ म्हणजे वाळवलेला बोनिटो नको, हेही आधीच आठवणीने सांगा, नाहीतर पीठ पसरल्या पसरल्या त्यावर माशाची भुकटी भुरभुरतात. सॉसच्या बाबतीत कडक असाल तर सोबत मेतकूट-चटणी न्या. इकुचिजिमावर लिंबाचं जेलाटो आणि इन्नोशिमावर हास्साकू संत्र्याचं दाइफुकु (तांदळाच्या चिकट पिठाची भरलेली मिठाई), हे दोन्ही चुकवू नका.

आणि बिअर सायकल जमा केल्यावर. २०२४ च्या नोव्हेंबरपासून नियम कडक झालेत, चालवताना हातात फोन धरला तरी सहा महिने कैद किंवा एक लाख येन दंड होऊ शकतो.

प्रेषक: प्राजक्ता

मावशी, मुक्काम सेतोदालाच, ठरलं! दोन शंका. जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) घ्यावा का? आणि सासऱ्यांचं काय करू? मागे हॉटेलवर बसायला ते तयार नाहीत.

प्रेषक: अरुंधती

पासचं गणित आधी मांड. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला. तोक्यो-क्योतो-हिरोशिमा एवढंच फिरणार असाल तर बहुतेक सुटी तिकिटं स्वस्त पडतील. पश्चिम भागापुरते वेगळे पास मिळतात, तेही ताडून बघ.

सासऱ्यांना सेतोदापर्यंत बॅटरीवाली सायकल दे. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर सेतोदा-ओनोमिची बोट आहे, ती सायकलीही घेते. सुटायच्या वेळा मात्र मोजक्याच, आदल्या रात्री बघून ठेव. त्यांच्याबरोबर परत जायला नितीनसारखा कोणी घाईचा माणूस नको. तुमच्यातल्या ज्याला पहिल्याच पुलावर धाप लागेल, त्याला पाठव.

प्रेषक: नितीन

मावशी, मी अजून लिस्टवर आहे.