मदत हवी आहे: सिडकोतल्या घरांना रस्त्याचं नावच नाही, पत्ता नकाशावर कसा टाकू?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला सिडकोत राहते, पवननगरच्या बाजूला. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या आजींना रात्री धाप लागली. रुग्णवाहिका बोलावली, तर ती मागच्या गल्लीत जाऊन उभी राहिली आणि चालक फोनवर "मॅडम, मी पोहोचलोय" म्हणत राहिला. शेवटी माझा मुलगा टॉर्च घेऊन धावला. आजी आता बऱ्या आहेत, पण ती दहा-बारा मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. इथल्या गल्ल्या इतक्या एकसारख्या आहेत की नवा माणूस दिवसाढवळ्यासुद्धा चुकतो.

म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडलं. २००४ पासून लोक हा नकाशा आपापल्या हातांनी भरताहेत, मग आपली गल्ली आपणच भरावी असं वाटलं. फोनवर एव्हरी डोअर हे अ‍ॅप घेतलं आणि रोज संध्याकाळी फिरायला निघाले की दारांवरच्या पाट्या वाचून नंबर टाकते. चाळीसेक घरं झाली. सुरुवातीला लोक दारात यायचे, "ताई, घरपट्टी वाढणार का?" विचारायचे. नाव नको, फोन नको, फक्त पाटीवरचा नंबर हवा, हे सांगितलं की शांत होतात. एका काकांनी तर पुसट झालेला नंबर दुसऱ्या दिवशी रंगवून ठेवला.

अडचण पुढे आहे. अ‍ॅप रस्त्याचं नाव मागतं आणि आमच्या गल्लीला नावच नाही. पाटीवर आधी 'एन' आणि एक आकडा, मग इंग्रजी अक्षरं, मग तिरप्या रेघा देऊन आणखी आकडे. पत्ता सांगताना आम्ही एवढंच सांगतो आणि पुढे 'गणपती मंदिरासमोर' जोडतो. मी रस्त्याच्या जागी 'सिडको' लिहीत गेले. परवा एका अनुभवी सदस्याने माझ्या चेंजसेटवर (एका वेळी जतन केलेल्या बदलांच्या नोंदीवर) लिहिलं, की त्या नावाचा रस्ताच नकाशावर नाही, त्यामुळे हे सगळे पत्ते चुकीचे ठरतात. बोलणं सभ्य होतं आणि बरोबरही असेल, पण मग लिहू काय? गल्लीला मनाने नाव देणं मला पटत नाही. आणि 'एन'चा आकडा घर क्रमांकात घ्यायचा की वेगळा काढायचा?

दुसरा प्रश्न माझ्या माहेरचा. ते जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ. तिथे गल्लीला नाव आहे, पण एका वाड्यात पाच बिऱ्हाडं आणि दिंडी दरवाजा एकच. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा बिंदू द्यायचा का? काही वाडे पडले, तरी पत्त्यात वाड्याचंच नाव चालतं.

कुणी असं काम केलं असेल तर सविस्तर सांगा.

प्रतिसाद

ताई, मी नाशिकरोडला थोडं काम केलंय, त्यावरून सांगतो.

जिथे पत्ता रस्त्यावरून ठरत नाही, वस्तीवरून ठरतो, तिथे 'स्ट्रीट'चा टॅग, म्हणजे माहितीचा रकाना, रिकामा सोडून 'प्लेस'चा टॅग वापरायचा असतो. तुमचा 'एन' आणि त्याचा आकडा ही वस्तीच आहे. त्या भागाचा बिंदू त्याच नावाने नकाशावर आधी टाका, म्हणजे घरं त्याला जुळतील. घर क्रमांकात पाटीवरचं उरलेलं सगळं जसंच्या तसं, तिरप्या रेघांसकट. केलेली चाळीस घरं एकेक उघडत बसू नका. संगणकावर जेओएसएम या नकाशा संपादनाच्या प्रोग्राममध्ये सगळी एकदम निवडून टॅग बदलता येतो. त्याला टेरेसर नावाचं प्लगिन (जोड-साधन) बसवता येतं. घरांची सलग ओळ एकच लांब चौकोन म्हणून काढलीत की ते तिचे हवे तेवढे भाग पाडतं.

मंदिरासमोर, शाळेमागे हे घराच्या पत्त्यात नको. त्यापेक्षा मंदिरच नकाशावर टाका, ते सगळ्या गल्लीला उपयोगी पडेल.

वाड्याला एकच बिंदू, दिंडी दरवाजावर. वाड्याचं नाव 'हाउसनेम'मध्ये. जो पडला आणि ज्याचं नाव आज तिथे कुणीच सांगत नाही, तो सोडून द्या. जागेवर जे आहे तेच टाकायचं. आणि दुसऱ्या कंपनीच्या नकाशात बघून एकही नंबर घेऊ नका, परवान्यात बसत नाही.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. आजींच्या घरापासून पुन्हा सुरुवात करते. जेओएसएम मुलाकडून रविवारी बसवून घेईन. एकच विचारायचं राहिलं: दोन 'एन' भागांची हद्द एकाच गल्लीच्या मधून जाते, तिथे समोरासमोरच्या घरांना वेगवेगळा 'प्लेस' दिला तर चालेल ना?